मदत हवी आहे: ३६५ म्हणून घेतलेल्या यूव्ही टॉर्चमधला एलईडी खरा कुठला, कसं ओळखायचं?

मनीची_आई
ऑनलाइन यूव्ही टॉर्च मागवली. डबीवर ३६५ एनएम (नॅनोमीटर, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी) छापलंय, पण लावली की सगळं जांभळंच जांभळं दिसतं. विक्रेता म्हणतो ओरिजिनल आहे. परत करायची मुदत परवा संपते. घरच्या घरी कसं कळेल? पाचशेची नोट चमकते, तरी मला शंका आहे. कृपया लवकर सांगा.

सर्किटवाला
पुढे एकच मोठा एलईडी आहे की ५१ दाण्यांची चाळणी? सेल कुठले? पुढची काच साधी की काळी? भिंतीवर गोल कसा पडतो? यातलं काहीच लिहिलेलं नाही. फोटो टाका. ५१ दाण्यांची असेल तर बहुतेक ३९५ एनएमचीच, म्हणजे जांभळा उजेड जास्त देणारी, त्यात वेळ घालवू नका.

कोकणकर
ताई, विंचवासाठी ३९५ पुरते. पावसाळ्यात रात्री पडवीत, लाकडांच्या राशीत मारतो, विंचू हिरवा-निळा लखलखतो. नुकतीच कात टाकलेला मात्र चमकत नाही, तेव्हा चप्पल झटकूनच घाला. आमच्याकडे लाल विंचवाने माणसं जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध द्यायला सुरुवात केली आणि किती जीव वाचले!

मनीची_आई
विंचू नाहीत हो. एकच एलईडी आहे, काच साधी, आत एक लांब सेल, चार्जिंगचा. भिंतीवर झगझगीत जांभळा गोल पडतो, डोळ्यांना त्रास होतो.

सर्किटवाला
मग मल्टिमीटर लावा. ३६५चा एलईडी पूर्ण करंटला साधारण ३.६ ते ३.९ व्होल्ट घेतो, ३९५चा थोडा कमी. पुढची रिंग काढून दोन टोकांवर मोजा, पाच मिनिटांचं काम.

प्रयोगशाळेतून
सर्किटवाला, असहमत. दोन्हींच्या मर्यादा एकमेकींत घुसतात. करंट किती, एलईडी किती तापलाय, हे माहीत नसताना ३.५ आलं तर काय ठरवणार? त्यापेक्षा गोलाचा रंग बघा. खऱ्या ३६५चा उजेड डोळ्यांना फिकट, पांढुरका-निळसर दिसतो, आणि पांढरा शर्ट मात्र पेटल्यासारखा होतो. झगझगीत जांभळा गोल म्हणजे ३९५च्या आसपास. नोटेने काही सिद्ध होत नाही, ती दोन्हींत चमकते.
फिका दिसतो म्हणून ३६५ सौम्य समजू नका. डोळ्यांत मारू नका.

जुनं_ते_सोनं
सीडी घ्या! सीडीवर प्रकाश पाडला की रंग वेगळे होतात, कुठे ठिपका पडतो त्यावरून तरंगलांबी निघते. शाळेत मुलांना करून दाखवलंय.

प्रयोगशाळेतून
सर, एरवी सीडी उत्तम, इथे फसवेल. चकतीचं प्लास्टिक पॉलिकार्बोनेट असतं आणि ते ३६५ गिळून टाकू शकतं. ठिपकाच दिसला नाही तर माणूस समजेल टॉर्च बिघडली.
हाच गुण उलटा वापरता येतो. हेल्मेटची पारदर्शक काच बहुतेक पॉलिकार्बोनेटची असते. ती टॉर्चपुढे धरा आणि मागे झेरॉक्सचा पांढरा कागद. कागद तरीही चमकत राहिला तर तो बहुधा ३६५ नव्हे. अंधारला तर निकाल लागत नाही, कारण काही काचा ३९५ही अडवतात.

घरात_सहा_मांजरं
मनीची_आई, नावावरून विचारते, मांजरासाठी हवीय का? गजकर्ण?

मनीची_आई
हो. दोन महिन्यांचं पिल्लू उचलून आणलंय. कानामागे रुपयाएवढा चट्टा, केस मुळाशी तुटलेले. लेकीच्या मनगटावर काल गोल लाल वळ उठलाय. व्हेट म्हणाले वुड्स लॅम्पखाली (बुरशी तपासायच्या यूव्ही दिव्याखाली) बघू, त्यांचा बंद पडलाय. म्हणून मी टॉर्च मागवली. लावली तर अख्खं पिल्लू जांभळं, त्यात हिरवं काय शोधू?

घरात_सहा_मांजरं
हे आधी लिहायचं ना! वुड्स लॅम्प ३६५चाच असतो. मायक्रोस्पोरम कॅनिस ही गजकर्णाची बुरशी असेल तर केसाची दांडी मुळापासून कच्च्या सफरचंदासारखी हिरवी दिसते. धूळ, कापडाचे तंतू निळे-पांढरे चमकतात, मलमही चमकतं, त्याला हिरवं समजू नका. ३९५च्या जांभळ्या झोतात ती फिकट हिरवी दांडी बुडून जाते. आणि काही चमकलं नाही म्हणजे बुरशी नाही, असं मुळीच नाही. केसांचं कल्चर (लॅबमध्ये बुरशी वाढवून बघतात ते) करून घ्या. लेकीला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्याच.

निसर्गोपचार_घरी
कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घाला, टॉर्चची गरजच नाही.

घरात_सहा_मांजरं
एवढ्या लहान पिल्लाला ओलं करून गारठवू नका. व्हेट सांगतील तेवढंच. घरातली पांघरुणं, टॉवेल रोज धुवा.

जुनं_ते_सोनं
प्लास्टिकचा मुद्दा मान्य. मग डीव्हीडी चिरून चालेल का? ती दोन पातळ चकत्या चिकटवलेली असते.

प्रयोगशाळेतून
चालेल. कडेला ब्लेड घालून हळू उकला, ज्या भागावर चांदी राहील तो उघड्या चांदीच्या बाजूने वापरा. पुठ्ठ्यावर झेरॉक्सचा कागद लावा, मधोमध बारीक भोक, मागे टॉर्च. समोर बरोबर ५० सेंमीवर डीव्हीडी, पुठ्ठ्याला समांतर. खोली अंधारी. रेघांमधलं अंतर ७४० एनएम, त्यामुळे भोकापासून ३६५चा ठिपका २८ सेंमीच्या आसपास आणि ३९५चा ३१.५च्या आसपास पडेल. ३६५चा ठिपका डोळ्यांना दिसणार नाही, कागद चमकून दाखवेल. मांडणी तपासायला हिरवा लेझर पॉइंटर लावा, तो ५२ सेंमीजवळ आला पाहिजे. लेझरचा परावर्तित झोत डोळ्यांत जाऊ देऊ नका.

सर्किटवाला
एवढा खटाटोप करण्यापेक्षा पुढे झेडडब्ल्यूबी२ची काळी काच लावा. दिसणारं जांभळं बंद होतं, यूव्ही तेवढं जातं.

प्रयोगशाळेतून
आत ३९५ असेल तर ती काच बहुतेक प्रकाशच मारून टाकेल. काळ्या काचेने एलईडी बदलत नाही. आधी ओळख, मग काच.

मनीची_आई
केलं. लेझर ५१.५ वर आला. टॉर्चचा ठिपका पसरट पडला, भोकापासून ३० ते ३२.५, मधला सगळ्यात उजळ भाग ३१.५ वर. २८ वर काहीच नाही. नवऱ्याच्या हेल्मेटची काच पुढे धरली, कागद तरी चमकतोय. टॉनिक वॉटरही आणलं, त्यातलं क्विनाइन ३६५खाली लख्ख निळं चमकतं म्हणून; तर तळाशी जेमतेम निळसर छटा.
पुठ्ठ्याचा आणि मोजपट्टीचा फोटो विक्रेत्याला पाठवून परत करायची नोंद केली. सकाळी पिल्लाच्या चट्ट्याभोवतीचे केस व्हेटकडे देऊन आले, कल्चरला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाले. लेकीची संध्याकाळची अपॉइंटमेंट आहे. पिल्लू सध्या मागच्या खोलीत एकटं आहे, दार लावलं की रडतं, म्हणून मी जुना गाऊन घालून तिथेच बसून लिहितेय.