बहिणीच्या लग्नात द्यायला पैठणी घेऊ का हिमरूची शाल? बजेट १२ हजार

परभणीकर: राम राम मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न हाय वैशाखात, तिला आपल्या मराठवाड्याचंच कायतरी द्यायचं मनात हाय. मागं वहिनीला एका दुकानातून पैठणी घेतली, हातमागाची म्हणून पैसे घेतले अन निघाली पॉवरलूमची, लई वाईट वाटलं. आता नीट बघून घ्यायलो. ओळखायचं कसं ते सांगा.

पैठणची_सून: दादा, पहिलं काम म्हणजे पदर उलटा करून बघायचा. आमच्यात मोर असू दे का मुनिया, प्रत्येक रंगाची तिल्ली (धागा गुंडाळलेली छोटी कांडी) वेगळी असते अन ती हातानं फिरवून बाजूच्या धाग्यात अडकवत जायचं असतं, म्हणून उलटी बाजूबी सुलटीसारखीच दिसते. मागं धागे लोंबायलेत नाहीतर कापलेले दिसायलेत तर ती मशीनची समजा. सिल्क मार्कवर जाऊ नका, त्यानं रेशीम खरं हाय एवढंच कळतं, हातमाग का पॉवरलूम ते नाही कळत. १२ हजारात भरगच्च पदर मिळणार नाही हे आधीच सांगते, पण बारीक काठाची, पदरावर मोजकी नक्षी असलेली खरी मिळू शकते. अन आत्ताच ऑर्डर द्या, माझ्या सासूबाई दिवसभर मागावर बसतात तेव्हा कुठं पदर जरासा पुढं सरकतो.

औरंगपुरा: हिमरूचं पण सांगतो. ताईंनी सांगितलेली उलट्या बाजूची परीक्षा हिमरूला लावू नका हां! उभा धागा सुती, आडवा रेशमी, अन नक्षीचे जास्तीचे धागे मागं सैलच सोडलेले असतात, म्हणून तर ती शाल अंगाला इतकी मऊ लागते. इथं संभाजीनगरात (औरंगाबादेत) हिमरू म्हणून मशीनचा माल लई खपायलाय, त्यामुळं माग जिथं चालू हाय तिथं जाऊन, विणताना बघूनच घ्या. नवरदेवाला हिमरूचं जाकीट शिवा, आजकाल पोरं आवडीनं घालायलेत.

लातूरची_माय: पैठणी घ्याच, पण सोबत वाकळ (गोधडी) द्या बाबा. आईची जुनी लुगडी असतील ना? आमच्या गल्लीतल्या बाया अजून हातानं धावदोरा घालून शिवतात, मजुरी देताना घासाघीस करू नका तेवढी. माझी लेक पुण्याला फ्लॅटमध्ये राहती, एसी लावून माझीच वाकळ पांघरती.

परभणीकर: माय, वाचून डोळ्यात पाणी आलं. आईला जाऊन चार वर्षं झाली, तिची दोन इरकली लुगडी पेटीत तशीच हायत. या रविवारी पैठणला जातो, बारीक काठाचीच सांगतो. लुगडी तुमच्याकडं लातूरला घेऊन येऊ का?

लातूरची_माय: ये की. मधल्या थराला एखादं जुनं धोतर असलं तर तेबी आण.