एक चिप गेली की अख्खा एलईडी बल्ब कचऱ्यात: हे डिझाइन चूक नाही का?

विजेरी: पाकिटावर २५,००० तास लिहिलेले असतात. रोज ५ तास धरले तर १३ वर्षांहून जास्त. पण बरेच बल्ब दोन-तीन वर्षांतच जातात. मेलेल्या बल्बची पांढरी टोपी काढली की ॲल्युमिनियमच्या गोल पत्र्यावर उजेड देणाऱ्या पिवळ्या चिपा दिसतात आणि त्यातल्या एखादीच्या मधोमध खसखशीएवढा काळा ठिपका. गेलेली असते ती एवढी एकच. पण सगळ्या एका माळेत जोडलेल्या, म्हणून पूर्ण बल्ब बंद. कारण उष्णता. मोजक्या चिपांतून जास्त करंट ढकलायचा, पत्रा पातळ ठेवायचा आणि तो प्लॅस्टिकच्या कपात नुसता दाबून बसवायचा. उष्णता जाणार कुठून? वर सगळं गोंदाने चिकटवलेलं, त्यामुळे ॲल्युमिनियमही वेगळं निघत नाही.

हिशेबी: साफ असहमत. ६० वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास लावला तर वर्षाला १०९ युनिट, ९ वॅटचा एलईडी १६. एका बल्बमागे ९३ युनिट वाचतात, त्यापुढे मूठभर प्लॅस्टिक काय? २०१५ साली सुरू झालेल्या सरकारच्या उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले, ते स्वस्त होते म्हणूनच. आणि टोपी काढायला लोकांना सांगू नका. आतल्या ड्रायव्हरला, म्हणजे चिपांना वीज पुरवणाऱ्या सर्किटला, बहुतेकदा ट्रान्सफॉर्मर नसतो, चिपांवर थेट घरच्या मेन लाइनचा दाब असतो, शिखराला ३२५ व्होल्ट. गोंद आहे म्हणून हात वाचतात.

विजेरी: वाचलेली वीज ही एलईडीची पुण्याई, गोंदाची नव्हे. २०१६ मध्ये फिलिप्सने दुबईसाठी केलेला दिवा बघा: चिपा जास्त, प्रत्येकीला करंट कमी, वॅटमागे २०० ल्युमेन उजेड. तोही उघडता येत नाहीच. तरी टिकण्यासाठी बनवलाय.

तारवाला: शॉक लागतो हे खरंच आहे, होल्डरमधून काढल्याशिवाय हात लावूच नये. पण काळ्या चिपेवर सोल्डरचा थेंब टाकून 'दुरुस्ती' शिकवणारे व्हिडिओ अर्धंच सांगतात. स्वस्त बल्बात १८ व्होल्टच्या चिपा आणि करंट ठराविक ठेवणारा एक लिनियर आयसी असतो. एक चिप शॉर्ट केली, म्हणजे करंट तिला वगळून नेला, की तिचे १८ व्होल्ट आयसीवर येतात. ३३ मिलिअँपला ती ०.६ वॅट जादा उष्णता. थोड्याच दिवसांत पुढची चिप नाहीतर आयसीच जातो. खरा उपाय आयसीशेजारच्या करंट ठरवणाऱ्या रेझिस्टरमध्ये आहे. समांतर दोन रेझिस्टर असतील तर मोठ्या ओहमचा काढायचा, म्हणजे करंट थोडा कमी होतो. उजेड थोडा उतरतो, पत्रा बराच गार राहतो. पण हे कारखान्यातच व्हायला हवं. आणि झाकणबंद काचेच्या गोळ्यात एलईडी लावूच नका, तिथे तर हवाच खेळत नाही.

हिशेबी: करंट कमी केला तर त्याच उजेडाला चिपा जास्त लागतील, किंमत वाढेल. गिऱ्हाईक पाकिटावर वॅट आणि भाव बघतं, शेजारचा स्वस्त उचलतं.

विजेरी: मग पाकिटावर चालू बल्बमधल्या पत्र्याचं तापमान छापायला लावा. ६० अंश आणि ९५ अंश शेजारी दिसले की गिऱ्हाईक निवडेल.