पेंडुलमला मराठीत लंबक म्हणायचं का लोलक?

लातूरची_आई:
पोरगी नववीला आहे, व्हिडिओ बघते हिंदीतले अन् पेपर लिहिते मराठीत. परवा तिनं "लोलकाचा आवर्तकाल" (म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ) असं लिहिलं तर सरांनी लाल रेघ मारली, म्हणले लोलक म्हणजे प्रिझम. आता हिंदीवाला तर लोलकच म्हणायलाय की! घरी सासऱ्यांचं जुनं चावीचं घड्याळ आहे, त्यातल्या पेंडुलमला ते लटकन म्हणतेत. नेमकं खरं काय? अन् हे घड्याळ दर उन्हाळ्यात मागं का पडतंय तेबी कुणी सांगा.

परभणीकर_फिजिक्स:
ताई, सरांचं बरोबर आहे. हिंदीत लोलक म्हणजे पेंडुलम, पण आपल्या मराठी पुस्तकात लोलक म्हणजे प्रिझम, ज्याच्यातून पांढऱ्या उजेडाचे सात रंग निघतेत तो. पेंडुलमला लंबक. लंब वरूनच आलेला शब्द, गवंड्याचा ओळंबा बघा, त्याला हलवून सोडला की झाला लंबक. अन् सासऱ्यांना हसू नका बरं का, पेंडुलम हा शब्द लॅटिनमधला, त्याचा अर्थच लटकणारा 😄

गेवराईचा_दादा:
लोलक अगदीच चूक कसा म्हणता सर? झुंबराला काचा लोंबतात ते लोलक, कानातल्याला लोंबतो तोबी लोलक. म्हणजे लोंबणारी वस्तू. झुंबराच्या त्याच काचांतून रंग सांडतेत म्हणून प्रिझमला ते नाव चिकटलं असावं, असं आपलं माझं मत. पेपरात मात्र लंबकच लिहा, मार्क जायचे उगं.

परभणीकर_फिजिक्स:
@गेवराईचा_दादा हे मान्य. बोलण्यात चालतंय, पेपरात नाही.

जालना_मराठीवाली:
गंमत सांगते. लंबकाच्या हलण्याला पुस्तकात आंदोलन म्हणतात, अन् आपल्याकडं आंदोलन म्हटलं की उपोषण नाहीतर रास्ता रोको! मूळ अर्थ झोके घेणं. दोलन, दोलायमान ही त्याच घरातली, "मन दोलायमान झालं" म्हणजे इकडं का तिकडं ठरंना. पेपरवाले लिहितात ना, सत्तेचा लंबक या बाजूला झुकला, तिथं लोलक घालून बघा, कानाला खटकतंय. आणि पोरीला पंचमीचा झोका दाखवा, तोच लंबक. बारकं पोरगं बसू दे नाहीतर जाडजूड मामा, दोरी तेवढीच असली तर एका हेलकाव्याला वेळ जवळपास तेवढाच, वजनाचा संबंध नाही. उभं राहून झोका घेतला तर मात्र जरा लवकर येतो, कारण वजन वर सरकतं अन् लंबकाची लांबी कमी होते.

नांदेड_घड्याळवाला:
उन्हाळ्याचं मी सांगतो. लंबकाचं घड्याळ हॉलंडच्या हायगेन्सनं १६५६ साली केलं, तेव्हापासूनचं दुखणं आहे हे. उन्हानं दांडी लांबते, लांबली की हेलकावा सावकाश, मग घड्याळ मागं. लोखंडी दांडी असली अन् तापमान २० अंशांनी वाढलं तर दिवसाला १० सेकंद धरा, म्हणजे महिन्याला ५ मिनिटं. उपाय सोपाय, लंबकाच्या गोळ्याखाली बारकं नट असतंय ते फिरवून गोळा थोडा वर घ्या. थोडाच बरं का! २५ सेंटिमीटरच्या लंबकात १ मिलिमीटरचा फरक पडला तर दिवसाला जवळपास ३ मिनिटांची गडबड होती. अन् घड्याळ भिंतीवर तिरकं टांगलेलं नसावं, टिक-टॉक एकसारखी आली पायजे, लंगडत चाललं तर बंद पडतंय.

लातूरची_आई:
सगळ्यांचे आभार, पोरीनं वहीत लंबक करून घेतलं. नटाला सासरे हात लावू देईनात, म्हणतेत माझं लटकन मीच बघतो. आता चष्मा शोधायलेत.