सोसायटीचं बिल, गाडीची जागा आणि जमीन: न्याय्य वाटणीचे अनुभव

वार्षिक सभेत आवाज चढतो तो बहुतेक तीन गोष्टींवरून. मोठ्या फ्लॅटने जास्त भरायचं का, पार्किंग कोणाचं, आणि बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर केलीच नाही तर काय करायचं. ज्यांनी हिशेब लिहिलेत, दप्तर सांभाळलंय, अर्ज दाखल केलेत त्यांनी इथे लिहावं अशी विनंती. कोण कसं वागलं हे बाजूला ठेवू या. आकडे, क्रम आणि काम कुठे अडतं, एवढं आलं तरी पुष्कळांना उपयोग होईल.

खजिनदार_कोथरूड

"सगळ्यांना सारखं की चौरस फुटावर" असा एकच प्रश्न विचारला की भांडण अटळ आहे. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) एकाच बिलात दोन्ही पद्धती असतात. वॉचमन, सफाई, सामायिक वीज, ऑडिट फी, छपाई हे सेवा शुल्क. ते दर फ्लॅटला सारखं. वॉचमन तीन खोल्यांच्या घराला जास्त राखत नाही, म्हणून हे योग्यच आहे. पाण्याचा खर्च नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. मालमत्ता कर ज्याचा त्याचा. दुरुस्ती निधी मात्र त्या फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान 0.75 टक्के, आणि सिंकिंग फंड (पुनर्बांधणीसारख्या मोठ्या कामासाठी साठवायचा निधी) किमान 0.25 टक्के. या खर्चात जमिनीची किंमत धरत नाहीत.

उदाहरणार्थ, बांधकाम खर्च 12 लाख असेल तर दुरुस्ती निधी वर्षाला 9,000, म्हणजे महिन्याला 750. सिंकिंग फंड महिन्याला 250. फ्लॅट 18 लाखांचा असेल तर हेच 1,125 आणि 375. मोठा फ्लॅट इथे आपोआप जास्त भरतो.

चूक होते ती बिलात सगळं "मेंटेनन्स" या एकाच ओळीत घातल्यावर. मग लहान फ्लॅटवाल्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याचं पुष्कळदा बरोबरही असतं, कारण निधीसुद्धा समान वाटून टाकलेला असतो. बिलात प्रत्येक शीर्षाची वेगळी ओळ हवीच.

तळमजला

लिफ्टचं काय? आम्ही वापरत नाही, पण पैसे सारखेच.

खजिनदार_कोथरूड

उपविधी तसंच सांगतात: त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी समान, वापर असो वा नसो. तुमचा आक्षेप मला गैर वाटत नाही, पण सभेत नुसता ठराव करून उपविधी बदलत नाहीत. उपविधींची दुरुस्ती मंजूर करून सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे नोंदवावी लागते. मात्र दोन-तीन इमारती असतील तर सगळ्या लिफ्ट एका खात्यात घालणं चूक आहे. ज्या इमारतीची लिफ्ट, खर्च त्याच इमारतीचा. लिफ्ट नसलेल्या विंगने हे जरूर तपासावं.

घोषणापत्र_वाचलेला

एक महत्त्वाची भर. पुण्यात पुष्कळ ठिकाणी सोसायटी नसून 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं अपार्टमेंट असतं. तिथे सामायिक खर्च कलम 10 प्रमाणे, सामायिक जागेतल्या प्रत्येकाच्या अविभक्त (न विभागलेल्या) हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. टक्केवारी नोंदणीकृत घोषणापत्रात लिहिलेली असते. त्यामुळे शेजारच्या सोसायटीचा दाखला देऊन "समान करा" म्हणणं किंवा उलट, दोन्ही निरर्थक. आधी आपली नोंदणी कशाखाली आहे ते पाहा.

घरमालक_ठाणे

भाडेकरू ठेवल्यावरच्या नॉन-ऑक्युपन्सी शुल्काबद्दल, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे घेते त्याबद्दल. कमाल मर्यादा सेवा शुल्काच्या 10 टक्के. संपूर्ण बिलाच्या नव्हे! बिल 4,500 आणि त्यात सेवा शुल्क 2,400 असेल तर 240 रुपये, 450 नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये टक्केवारी एकूण रकमेला लावून ठेवलेली असते आणि वर्षानुवर्षे कोणी उघडून बघत नाही. आई-वडील, मुलं असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही.

विक्रीच्या वेळचा हस्तांतरण प्रीमियम (फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम) महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त 25,000. त्यावर "विकास निधी", "देणगी" अशा कुठल्याही नावाने घेणं नियमबाह्य आहे. नाव बदलल्याने वसुली कायदेशीर होत नाही.

विंग_सी

पार्किंग. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात सांगितलं की स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा हा वेगळा फ्लॅट नाही. प्रवर्तक (बिल्डर) ती स्वतंत्र विकू शकत नाही. हा निकाल 1963 च्या मोफा (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स) कायद्यावरचा आहे. रेरा (स्थावर संपदा कायदा) खालच्या प्रकल्पात खुली पार्किंग सामायिकच आहे, पण बंदिस्त गॅरेजचा विचार वेगळा होतो. म्हणून करारातले शब्द नीट वाचावेत.

वाटप सोसायटीने करायचं. जागा अपुऱ्या असतील तर दरवर्षी सोडत. एकाला दुसरी जागा द्यायची ती सगळ्या गरजूंना पहिली मिळाल्यावरच, आणि तीही वर्षापुरती. सोडतीआधी गाड्यांची नोंदवही अद्ययावत करा, जागांना क्रमांक रंगवा, निकाल इतिवृत्तात लिहा. यातलं एक राहिलं की पुढच्या वर्षी "ही जागा कायमची माझी" हा दावा उभा राहतोच.

सचिव_दप्तर

जमिनीवर कोणीच बोललं नाही, आणि तेच सर्वांत मोठं आहे. सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत अभिहस्तांतरण (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करणारा दस्त) करून देणं मोफाखाली प्रवर्तकाचं कर्तव्य. त्याने टाळलं तर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स: बिल्डरने सही न करताही सरकारी आदेशाने होणारं. पुनर्विकासात वाढीव एफएसआयचा (बांधता येणाऱ्या क्षेत्राचा) लाभ जमिनीच्या मालकीला चिकटलेला असतो, म्हणून हे लांबणीवर टाकू नये.

आधी प्रवर्तकाला आणि जमीनमालकाला नोटीस. मग नमुना 7 मध्ये जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज. सोबत सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, फ्लॅटचे करार व इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सभासदांची यादी, वास्तुविशारदाचा दाखला आणि दस्ताचा मसुदा. सुनावणी, आदेश, प्रमाणपत्र. पुढे मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णय (मुद्रांक शुल्क ठरवून घेणं), मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणी.

अडतं ते तीन ठिकाणी. जुन्या करारांवर मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असतं. करारातला सर्व्हे नंबर आणि आजचा सिटीएस (नगर भूमापन) नंबर जुळत नाही. आणि एकाच भूखंडावर अनेक इमारती असतात. तेव्हा आपल्या हिश्श्याचं क्षेत्रफळ वास्तुविशारदाने नकाशावर दाखवून द्यावं लागतं.

नोंदणी झाली म्हणून पेढे वाटू नका. मिळकत पत्रिकेवर किंवा सात-बारावर सोसायटीचं नाव चढवण्याचा फेरफार अर्ज पुष्कळ सोसायट्या विसरतात.

तळमजला

आणि भोगवटा प्रमाणपत्रच (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नसेल तर? पाणीपट्टी जास्त लागते.

सचिव_दप्तर

समृद्धी सोसायटीच्या खटल्यात, जानेवारी 2022 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न पाहिला. तिथे 25 टक्के जादा मालमत्ता कर आणि 50 टक्के जादा पाणी शुल्क भरावं लागत होतं. प्रमाणपत्र न मिळवणं ही सतत चालू असलेली चूक आहे, त्यामुळे ग्राहक तक्रारीच्या दोन वर्षांच्या मुदतीवर बोट ठेवून ती फेटाळता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. जादा भरलेल्या प्रत्येक बिलाची पावती जपा. भरपाईची रक्कम त्यावरच मांडता येते.

विंग_सी

कुठे जायचं तेही लिहितो, कारण चुकीच्या दारात वर्षं जातात. नॉन-ऑक्युपन्सी, जादा प्रीमियम, सभासदत्व नाकारणं, कागदपत्रांच्या प्रती न देणं: उपनिबंधक. पार्किंग, गळती, पाण्याचं असमान वाटप, समितीचे ठराव: सहकार न्यायालय. बिल्डरकडून सेवेत कसूर: ग्राहक आयोग किंवा महारेरा (रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण). अनधिकृत बांधकाम: महापालिका.