जुन्या गेमची नवी आवृत्ती: गेम तोच, की नुसतं नाव तेच?

म्हापसेकर

पावसाआधी माळा आवरायला काढला, तेव्हा आंब्याच्या रिकाम्या पेटीत माझा जुना व्हिडिओ गेम सापडला. बाबांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणला होता, मी तिसरीत असताना. पिवळी कॅसेट, दोन रिमोट आणि केशरी बंदूक. प्लग लावला तर लाल दिवा पेटला. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला हाक मारली, हॉलमधल्या मोठ्या एलईडी टीव्हीला वायरी जोडल्या आणि बदकं मारायचा गेम लावला.

घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लख्ख होतो, तसा तो झाला. बदक उडून गेलं. वीस वेळा मारलं असेल. शेवटी लहानपणी करायचो तशी नळी थेट पडद्याला टेकवली, तरी एकही पडेना. मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुमची बंदूक मेली.’

बंदूक मेली नव्हती. ही बंदूक पडद्यावर काही सोडत नाही, ती फक्त बघते. घोडा दाबल्यावर गेम अख्खा पडदा काळा करतो आणि पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन काढतो. नळीतल्या डोळ्याला त्या क्षणी उजेड दिसला तर नेम लागला. जुन्या डबा टीव्हीत चित्र त्याच क्षणी काचेवर उमटायचं. आजचा टीव्ही चित्र आधी स्वतः तपासतो, मोठं करतो, मग दाखवतो. तेवढ्या वेळात बंदुकीने बघून झालेलं असतं. हा बदकांचा गेम म्हणजे ‘डक हंट’, १९८४चा. जपानच्या निंटेंडो कंपनीने २०१४मध्ये तो ‘वी यू’ या यंत्रावर परत आणला, तेव्हा बंदूक बाजूला ठेवून रिमोट रोखून मारायची सोय करावी लागली. बदकं तीच, कुत्रा तोच, पण ज्यासाठी तो गेम बनला ती गोष्टच गेली.

‘सोनिक’चंच घ्या, १९९१चा. पहिल्या स्टेजमधला धबधबा जुन्या टीव्हीवर आरपार दिसायचा, पाण्यामागचा डोंगर दिसायचा. नव्या पडद्यावर जवळ जाऊन पाहा, तिथे नुसत्या उभ्या पट्ट्या आहेत, एक रेघ पाण्याची, एक रेघ मोकळी. जुन्या वायरीतून येताना त्या एकमेकींत मिसळायच्या आणि त्यातून पाणी व्हायचं. काढणाऱ्याने टीव्हीचा तो दोष धरूनच चित्र काढलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं: गेम म्हणजे कॅसेटमधला प्रोग्राम एवढंच नव्हे. टीव्ही, वायर, हातातला रिमोट धरून तो गेम. नव्या आवृत्तीला रूपांतर म्हणा, माझी हरकत नाही. पण ‘मूळ गेम, आता आणखी सुंदर’ असं म्हणून विकणं मला पटत नाही.

तिसरी_लाइफ

दादा, बंदुकीचं वाचून माझाही माळा आठवला. पण एक सांगू? तुमच्या पेटीतला तो मूळ नव्हताच.

आपल्या पिढीत गोव्यातच काय, देशभर बहुतेक घरांत जे आले ते निंटेंडोच्या यंत्राची नक्कल केलेले डबे होते. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेलं आणि आत तेच पाचसहा गेम नावं बदलून. शिवाय आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रं. जपान-अमेरिकेत ६०. त्या काळच्या गेमचं सगळं गणित चित्रागणिक चालायचं. ६०साठी लिहिलेला गेम ५०वर चालवला की तो सहाव्या हिश्शाने मंद होतो. मारियोची उडी मंद, गाणंही मंद. जपानमधल्या पोरांनी १९८५ला जो ‘मारियो’ खेळला, तो आपण खेळलोच नाही.

‘कॉन्ट्रा’ या गोळीबाराच्या गेमचं तर याहून वाईट. जपानी कॅसेटमध्ये तो बनवणाऱ्या कोनामीने स्वतःची जादा चिप घातली होती. पहिल्या स्टेजमागची झाडं वाऱ्याने हलतात, बर्फाच्या स्टेजमध्ये बर्फ पडतो, दोन स्टेजच्या मध्ये नकाशा दिसतो. १९८८च्या अमेरिकी कॅसेटमधून ते सगळं गेलं. युरोपात तर माणसांच्या जागी रोबोट घालून ‘प्रोबोटेक्टर’ नावाने विकला. मग यातला मूळ कुठला? झाडं हलताना मी पहिल्यांदा पाहिली ती कोनामीने २०१९ला काढलेल्या संग्रहात, पर्वरीतल्या भाड्याच्या खोलीत, रात्री बारा वाजता. अंगावर काटा आला. नवी आवृत्ती नसती तर मी आयुष्यभर न हलणाऱ्या झाडांनाच मूळ समजलो असतो.

म्हापसेकर

५० आणि ६०चा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण बघ, तू माझीच बाजू पक्की केलीस. प्रोग्राम एकच, यंत्र बदललं आणि उडी बदलली. म्हणजे यंत्र हा गेमचाच भाग झाला ना? २०१९च्या संग्रहाबद्दल तक्रार नाही, त्यांनी जपानी, अमेरिकी दोन्ही जशाच्या तशा ठेवल्या. माझं भांडण सुधारून देणाऱ्यांशी आहे.

जुना_मिस्त्री

मी मडगावला एकतीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. तुमच्या चर्चेत कोणी हवामानाचा शब्द काढला नाही म्हणून लिहितो.

गोव्यात मूळ वस्तू टिकत नाही, बाबांनो. जून ते सप्टेंबर भिंतीला ओल, समुद्राकडच्या घरांत खारा वारा. कॅसेटच्या पट्टीवरचे तांब्याचे दात हिरवे पडतात. मुलं त्यात फुंकर मारायची, बरं वाटायचं, कारण कॅसेट काढून परत घातली की संपर्क लागायचा. पण तोंडातल्या ओलीने ते दात आणखी खायचे. मी नेहमी सांगायचो, फुंकू नका, शाईच्या खोडरबराने हलके घासा आणि स्पिरिटने पुसा. डबा टीव्हीचे कपॅसिटर फुगतात, ईएचटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला जास्त दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जातो. पूर्वी ईएचटी दुसऱ्या दिवशी मिळायचा, आता मी भंगारातल्या सेटमधून काढतो. पिक्चर ट्यूब गेली की संपलं, नवी ट्यूब बाजारात येणं कधीच थांबलं.

गेम पार्लरमधल्या मशिनींचं तर आणखी. कॅपकॉम कंपनीच्या सीपीएस-२ या गेमच्या बोर्डावर एक बॅटरी असायची. नक्कल होऊ नये म्हणून प्रोग्राम कुलूपबंद, आणि कुलपाची किल्ली त्या बॅटरीवर जिवंत. बॅटरी उतरली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड गप्प. असा एक बोर्ड माझ्याकडे आला होता. मालकाने चार वर्षं कापडात गुंडाळून जपला होता. जपला म्हणूनच तो मेला, वेळेवर कोणी बॅटरी बदलली नाही. पुढे लोकांनी ती किल्ली परत भरायची युक्ती शोधली, पण माझ्या हातात होता तेव्हा मला ती ठाऊक नव्हती. तो माणूस गप्प उभा राहिला, मी पैसे घेतले नाहीत.

मूळ मूळ म्हणून धरून बसाल तर अजून वीस वर्षांनी तुमच्या हाती फक्त आठवण राहील. नवी आवृत्ती काढणारा गेमला दुसरं शरीर देतो. मला त्यात काही कमी वाटत नाही.

सत्तरीचा_पाऊस

मिस्त्रीकाका, दुसरं शरीर द्यावं, नक्की द्यावं. पण ते देताना आत काय होतं ते आधी समजून घ्यावं. मी धुक्याबद्दल बोलणार आहे.

‘सायलेंट हिल २’ हा भीतीचा गेम, २००१चा. गावभर दाट धुकं. दहा पावलांपुढचं दिसत नाही, फक्त आवाज येतो. आधीच्या १९९९च्या भागात हे धुकं यंत्राच्या अशक्तपणातून आलं होतं, लांबचं काढायची ताकद नव्हती म्हणून झाकलं. पण त्या झाकण्यातच भीती जन्मली. २०१२ला एचडी संग्रह आला. कोनामीकडे गेमचा शेवटचा सोर्स कोड, म्हणजे लिहिलेला मूळ प्रोग्राम, जपलेलाच नव्हता, काम करणाऱ्यांच्या हाती अर्धवट प्रत आली. जुन्या मंडळींनी एकदा काढलेल्या चुका त्यांना परत काढाव्या लागल्या. आणि धुकं विरळ झालं. विरळ झाल्यावर जिथे पाणी संपतं ती सरळ कड दिसायला लागली, अर्धवट सोडलेली जमीन दिसायला लागली.

तेच ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतल्या ‘सॅन अँड्रियास’चं. मूळ २००४चा. तिथे धूसरपणामुळे ते राज्य अफाट वाटायचं, एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला मोठा प्रवास केल्यासारखं. नोव्हेंबर २०२१मध्ये त्या मालिकेतल्या तीन जुन्या गेमची मिळून नवी आवृत्ती आली, तीत धूसरपणा काढला. डोंगरावर उभं राहिलं की सगळी शहरं एकमेकांना चिकटून, अंगणात मांडलेल्या खेळण्यांसारखी दिसायची. पावसाच्या तर पांढऱ्या रेघा, पुढचा रस्ता दिसेना.

मी वाळपईचा. पावसात चोर्ला घाट चढताना समोरच्या गाडीचा फक्त लाल दिवा दिसतो. घाट काही फार मोठा नाही. एप्रिलमध्ये उघड्या डोळ्यांनी पाहिला की कळतं, अरे, एवढाच? पण पावसातला घाट ज्याने पार केलाय त्याला तो मोठाच आहे. जास्त दिसलं की जास्त चांगलं, हे समजणाऱ्याने जुन्या गेमला हात लावू नये.

बांदोड्याची_लेक

मला वेगळं वाटतं, आणि थोडं रागानेच लिहितेय.

फर्मागुढीला शिकत असताना हॉस्टेलच्या मुलांचा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा राज्य उभारून लढायचा गेम रात्रभर चालायचा. आम्ही मुलींनी सुट्टीत घरी तो लावायचा म्हटला तर सीडीवर बुरशी. ती पुसून नव्या विंडोजवर चढवला तर गवत जांभळं-लाल. ‘मूळ’ म्हणून जपायचं ते हेच का?

२०१९ला त्याची डेफिनिटिव्ह एडिशन ही नवी आवृत्ती आली. १९९९च्या गेममध्ये शेत संपलं की दर वेळी गावकऱ्याला नेऊन परत पेरायला लावावं लागायचं. पुढच्या वर्षीच्या भागात गिरणीत आगाऊ नोंदवायची सोय आली, आणि आता एकदा खूण केली की शेत आपोआप पेरलं जातं. कोणी म्हणेल यात कस गेला. माझा अनुभव उलटा. माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालंय, मला मिनिटाला शंभर क्लिक जमत नाहीत. ते ओझं उतरलं म्हणून मी आज पुण्याच्या भावाशी बरोबरीने खेळते, डोकं लढाईत घालते. २०२२च्या भागात तर ‘इंडियन्स’ या एका नावाखाली कोंबलेला आपला देश मोकळा केला. द्रविड, बंगाली, गुर्जर, हिंदुस्थानी असे वेगळे झाले. हे सुधारणं नव्हे तर काय?

आमच्या बांदोड्यात देवळं आहेत. कौलं बदलली, वीज आली, म्हणून देव बदलला असं आमची आजी कधी म्हणाली नाही. वापरात असतं तेच दुरुस्त होतं.

सत्तरीचा_पाऊस

बाय, मनगटाचं वाचलं, आणि त्या सोयीला माझा विरोध नाही. ती खूण करायची की नाही हे खेळणाऱ्याच्या हातात आहे. पण कौलं बदलणं वेगळं आणि दीपस्तंभ पाडून संगमरवरी खांब उभारणं वेगळं. जीर्णोद्धाराच्या नावाखाली दुसरंही झालेलं आपण पाहिलंय. धुकं काढणं हे दुसऱ्यातलं.

बांदोड्याची_लेक

हे मान्य. सोय हवी तर चालू, नको तर बंद, असंच हवं.

कळंगुटचा_भाचा

तुम्ही कोणी खऱ्या दुखण्यावर बोट ठेवलं नाही. नवी आवृत्ती कशी का असेना, तिच्यासाठी जुनी काढून का घेतात?

२०२१ला ‘सॅन अँड्रियास’ची ती नवी आवृत्ती यायच्या आधी ते गेम काढणाऱ्या रॉकस्टारने जुने तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांतून उचलले. ओरड झाल्यावर माफी मागून संगणकासाठी परत ठेवले. ‘वॉरक्राफ्ट ३’चं २०२०ला तर ज्यांनी जुना विकत घेतला होता त्यांच्याही माथी नवाच मारला, ऑनलाइन खेळायचं तर तोच उतरवून घ्या. रॉकस्टारच्या त्या तिघांतल्या ‘व्हाइस सिटी’त गाडीच्या रेडिओवर लागणारी काही गाणी पुढच्या आवृत्त्यांत नाहीत, गाण्यांचे हक्क संपले म्हणून. मी पणजीच्या कॅफेत तासाला वीस रुपये देऊन ती गाडी नुसती रेडिओसाठी चालवलीय.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ला पाहणी केली: २०१०च्या आधी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा दुकानात मिळत नव्हते. नवी-जुनी तुलना करायला दोन्ही समोर हव्यात ना? जुनी शेजारी ठेवा, मग पाहिजे ते धुकं काढा. हेच मागा, बाकी भांडण नंतर.

तिसरी_लाइफ

आणि ज्याची नवी आवृत्ती निघालीच नाही त्याचं काय? मुस्तफा! बोडगेश्वराच्या जत्रेत एक रुपयाच्या नाण्यासाठी मी काकांच्या मागे लागायचो. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमचा, १९९३चा. तिघांनी मिळून खेळायचा. आपल्याकडे मुस्तफा कैरो या पात्राचंच नाव गेमला पडलं. तो अमेरिकी कॉमिकच्या परवान्यावर बनलेला, आणि घरच्या यंत्रांवर आजवर अधिकृतपणे आलेलाच नाही. चांगला नको, वाईट आवृत्तीत काढला तरी मी पहिल्या दिवशी पैसे टाकीन.

म्हापसेकर

वाईटात नको रे. जसा होता तसा काढू दे, मीही पैसे टाकतो. भाच्याचं पटलं, जुनी शेजारी असेल तर माझा अर्धा राग जातो. उरलेला अर्धा त्या बदकासाठी आहे, कारण ते शेजारी ठेवूनही पडणार नाही. त्याला तो टीव्हीच लागतो.

जुना_मिस्त्री

माझ्याकडे एकवीस इंची एक सेट चालू आहे. रंग थोडे कोपऱ्यात फुटतात, पण चित्र वेळेवर येतं. चतुर्थीच्या आधी कधीही ये, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या गडबडीत मला वेळ नसतो. बंदूक आण आणि मुलालाही आण. कॅसेट तेवढी फुंकू नको, मी पुसून देतो.

म्हापसेकर

काका, रविवारी सकाळी दहाला पोचतो. मुलाने आत्ताच विचारलं, तिथे तरी बदक पडेल ना.

जुना_मिस्त्री

नेम त्याने धरायचा.