मदत हवी आहे: मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) बराच काळ गप्प आहे, फोर्क करावा की थांबावं?

नमस्कार मंडळी, ओपन सोर्स प्रोजेक्ट चालवायचा किंवा फोर्क करायचा (म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रोजेक्ट चालवायचा) अनुभव असलेल्यांचा सल्ला हवाय. पोस्ट लांब झालीये पण प्लीज पूर्ण वाचा.

एक छोटी पायथन लायब्ररी आहे. जुन्या मोजणीयंत्रांच्या बायनरी फाइल वाचून सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) करून देते, बास एवढंच काम. पण त्या यंत्रांबरोबर आलेलं मूळ सॉफ्टवेअर आताच्या कॉम्प्युटरवर चालत नाही आणि फॉरमॅटची कागदपत्रं कुठेच मिळत नाहीत, एका माणसाने हेक्स एडिटरमध्ये एकेक बाइट बघत तो फॉरमॅट उलगडला आणि जीपीएल ३ (कोड कोणीही वापरा, बदला, पण बदलून वाटलात तर त्याच अटींवर द्या असं लायसन्स) खाली सगळ्यांना देऊन टाकला. कित्येक वर्षांची रीडिंग्ज त्या फाइल्समध्ये अडकलेली असतात लोकांची, आणि वापरणाऱ्यांत बरेच जण प्रोग्रामर नाहीत. त्यामुळे ही लायब्ररी बंद पडली तर त्यांना दुसरा रस्ताच नाही.

आता प्रॉब्लेम असा की पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स (पॅकेज बनवायचं जुनं मॉड्यूल) काढून टाकलंय आणि ही लायब्ररी व्हर्जन तपासायला त्यातलंच लूजव्हर्जन वापरते, म्हणजे नवीन एन्व्हायर्न्मेंटमध्ये इम्पोर्ट केलं की लगेच एरर. सेटअपटूल्स वेगळं इन्स्टॉल केलं तर चालतं, कारण त्यात डिस्टयुटिल्सची कॉपी असते, पण ३.१२ पासून नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही आणि हे नवख्या माणसाला कुठून कळणार? दुरुस्ती अगदी छोटी आहे, त्याऐवजी पॅकेजिंग मॉड्यूल वापरायचं. पुल रिक्वेस्ट (हा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) टाकून ठेवलीये, पण मेंटेनरकडून काहीच नाही. वर्षभराहून जास्त काळ त्यांची एकही कमिट (कोडमध्ये नोंदवलेला बदल) नाही, मेललाही उत्तर नाही. ते आजारी आहेत, कामात आहेत की कंटाळलेत, काही कळायला मार्ग नाही, आणि फुकट काम केलेल्या माणसाच्या मागे लागणं मनाला पटत नाही.

त्यात आता एका नव्या अकाउंटने इश्यूमध्ये (प्रोजेक्टच्या तक्रारींच्या पानावर) लावून धरलंय की प्रोजेक्ट मेलाय, कमिट अ‍ॅक्सेस मला द्या, म्हणजे कोड थेट बदलायचा हक्क. आणखी दोन-तीन नवी अकाउंट्स त्याला दुजोरा देतायत. एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या टूलचं प्रकरण वाचलेल्यांना माझी धाकधूक कळेल. तिथेही एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर मेलिंग लिस्टवरून असाच दबाव आणला गेला, मदतीला आलेला माणूस हळूहळू सहमेंटेनर झाला आणि २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमधून बॅकडोर (कोडमध्ये लपवलेली चोरवाट) बाहेर पडलं. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवरच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून ते सापडलं. आमचा हा माणूस तसाच आहे असं मी म्हणत नाहीये, त्याचे पॅच चांगले आहेत. पण प्रोजेक्ट त्याच्या हातात जावा की नाही हे कोणी ठरवायचं?

फोर्क केला तर नाव तेच ठेवता येईल का, कॉपीराइट कोणाचा लिहायचा, आणि मूळ माणूस उद्या परत आला तर काय? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १

फोर्क करायला कोणाची परवानगी लागत नाही, जीपीएलने तो हक्क दिलेलाच आहे. त्यांच्या कॉपीराइटच्या ओळी जशाच्या तशा ठेवा, तुम्ही बदल केलेत हे तारखेसकट ठळक लिहा, लायसन्स जीपीएल ३ च राहू द्या. कोणी म्हणालं एमआयटी (फारच कमी अटी असलेलं लायसन्स) करूया तर ऐकू नका, त्याला आधीच्या प्रत्येक कॉन्ट्रिब्युटरची संमती लागेल. नाव मात्र वेगळं घ्या. ओपनऑफिसमधून फुटलेल्या लिब्रेऑफिसवाल्यांनाही २०१० मध्ये नवं नाव घ्यावं लागलं, कारण ओपनऑफिस हे नाव ओरॅकलकडे होतं. तरी काम करणारी माणसं नव्या नावाबरोबर आली म्हणून तो टिकला.

आणि फोर्क म्हणजे भांडण नव्हे हो. नोडजेएस (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोजेक्ट) मधून आयओजेएस फुटला २०१४ च्या शेवटी आणि २०१५ मध्ये परत एकत्र झाला. रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) पहिल्याच परिच्छेदात लिहा की मूळ मेंटेनर परतले तर सगळे बदल त्यांना द्यायला तयार आहोत.

प्रतिसाद २

पायपीआयवरचं (पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारातलं) जुनं नाव मिळवायचं असेल तर पेप ५४१ ही तिथल्या नावांबद्दलची नियमावली वाचा. मालक संपर्कात नाही, बारा महिन्यांत रिलीज नाही आणि प्रोजेक्टच्या पानावरही त्याची हालचाल नाही, असं असेल तरच प्रोजेक्ट सोडून दिलेला धरतात. नाव मागणाऱ्याला स्वतः संपर्काचे प्रयत्न केल्याचं दाखवावं लागतं, स्वतःच्या फोर्कमध्ये सुधारणा केल्याचं दाखवावं लागतं, वर वेगळ्या नावाने का भागत नाही हेही सांगावं लागतं. म्हणजे फोर्क तर आधी करावाच लागेल. पाठवलेले मेल जपून ठेवा.

त्या नव्या माणसाबद्दल: नवा आहे म्हणून बाहेर ठेवू नका, पण एकट्याच्या हातात रिलीज देऊ नका, त्याच्याही नाही आणि तुमच्याही नाही. प्रत्येक बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय मर्ज (मुख्य कोडमध्ये सामील) नाही, आणि रिलीज थेट रेपोमधूनच (कोडच्या उघड्या भांडारातूनच) बिल्ड व्हायला हवी. एक्सझेडमध्ये बॅकडोर चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट टारबॉलमध्ये (रिलीज म्हणून वाटलेल्या बांधीव फाइलमध्ये) होती, गिटमध्ये म्हणजे रेपोमध्ये नव्हतीच, त्यामुळे नुसता रेपो वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. टारबॉलचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. मेंटेनरना एक शेवटचा मेल लिहितो, त्यात काही मागणार नाही, फक्त वेगळ्या नावाने फोर्क करतोय आणि दार उघडं आहे एवढं कळवतो. त्या नव्या माणसालाही फोर्कवर रिव्ह्यूला बोलावतो, सगळ्यांसमोर, त्याच नियमात.

आता अडलंय ते टेस्टिंगला. रेपोमध्ये नमुना फाइल्स फार कमी आहेत आणि दुसऱ्या मॉडेलच्या फाइलवर काही तुटलं तर आम्हाला कळणारही नाही. कोणाकडे असल्या जुन्या यंत्रांच्या बायनरी फाइल्स असतील, आणि त्या मोकळ्या लायसन्सखाली द्यायला हरकत नसेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. यंत्राचं मॉडेल आणि त्या फाइलमधली दोन-चार खरी रीडिंग्ज सोबत लिहिलीत तर फारच मदत होईल, म्हणजे आमचं आउटपुट बरोबर येतंय का ते ताडून बघता येईल.