सर्व्हरचं मॅनेजमेंट पोर्ट: जोडलेलं बरं की उपटलेलं?

कन्सोलकर
आमच्या नव्या सुरक्षा टीमने फर्मान काढलंय: सगळ्या सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टच्या केबल काढा, लागेल तेव्हा माणूस डेटा सेंटरला जाऊन जोडेल. मला हे साफ चुकीचं वाटतं. भांडायला जाण्याआधी इथे मुद्दे घासूनपुसून घ्यावेत म्हणून हा धागा.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी (बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर) नावाची वेगळी चिप असते, मॅनेजमेंट पोर्ट तिचाच. प्रोसेसर तिचा, मेमरी तिची, फर्मवेअर (चिपमध्येच भरलेला प्रोग्राम) तिचं, आयपी पत्ताही तिचाच. सर्व्हर बंद असला तरी पॉवर केबल लागलेली आहे तोवर ही बाई स्टँडबाय विजेवर जागी. डेलकडे आयड्रॅक, एचपीईकडे आयएलओ, लेनोवोकडे एक्सक्लॅरिटी कंट्रोलर, नावं वेगळी, काम एकच. पंखा मंदावला, पॉवर सप्लाय गेला, एखाद्या डीआयएमएमवर, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर, ईसीसीच्या (मेमरीतल्या) चुका वाढायला लागल्या, की ओएसला पत्ता लागण्याआधी इथे नोंद होते. दुरून पॉवर चालू-बंद करा, बायोसची (ओएसच्या आधीची) स्क्रीन बघा, आयएसओ (डिस्कची फाइल) जोडून कोरी ओएस टाका.

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष फाइलने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन पाडली. बहुतेक मशीन बूटच होईनात, त्यामुळे आरडीपी (विंडोजचं रिमोट डेस्कटॉप), ओएसवर बसवलेले एजंट प्रोग्राम, सगळी रिमोट हत्यारं निकामी. सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल उडवायची होती. ज्यांच्याकडे बीएमसीचा कन्सोल होता त्यांनी बसल्या जागेवरून सर्व्हर उठवले. बाकीचे कीबोर्ड घेऊन रॅक ते रॅक फिरले.

शंकासूर
तुमच्या सुरक्षा टीमला माझ्यातर्फे नमस्कार सांगा.

बीएमसी सोयीची आहे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्या लायकीबद्दल. बीएमसीशी बोलायचा आयपीएमआय हा प्रोटोकॉल १९९८ चा, २.० आवृत्ती २००४ ची. त्यात लॉगिनच्या वेळी सर्व्हर काय करतो माहीत आहे ना? समोरचा कोण हे ठरायच्या आधीच त्या युजरच्या पासवर्डपासून काढलेला हॅश (त्याचा गणिती ठसा) त्याच्या हातात देतो. तो घरी न्यायचा आणि निवांत फोडत बसायचं. हा बग नाही, स्पेसिफिकेशनच तसं आहे, त्यामुळे पॅच येणार नाही. पासवर्डची कमाल लांबी २० अक्षरं.

मग २०१७ मध्ये आयएलओ ४ चं जे निघालं ते तर विनोदीच. एका एचटीटीपी हेडरमध्ये २९ वेळा 'ए' लिहायचा, झालं, लॉगिन वगळून आत. आणि अलीकडचं म्हणजे एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमधलं भोक, सीव्हीई-२०२४-५४०८५. पासवर्ड न लागता पूर्ण ताबा, तीव्रता १० पैकी १०. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सायसा या सायबर सुरक्षा संस्थेने ते 'प्रत्यक्ष वापरात असलेल्या' त्रुटींच्या यादीत टाकलं. हे फर्मवेअर एकाच ब्रँडच्या सर्व्हरमध्ये नाही, अनेक कंपन्या तेच घेऊन वर आपला लोगो लावतात.

ओएसवर तुम्ही हजारो रुपयांचे एजंट बसवता. बीएमसीत काय चाललंय हे त्यातल्या एकालाही दिसत नाही. अशी चिप नेटवर्कला कशाला जोडायची?

जुना गडी
दोघांचंही पटतंय, पण केबल उपटायच्या आधी एक गोष्ट तपासा. सुपरमायक्रोच्या पुष्कळ बोर्डांवर बीएमसीचा लॅन मोड मुळात 'फेलओव्हर'वर असतो. म्हणजे बीएमसी सुरू होताना डेडिकेटेड पोर्टला लिंक दिसली नाही तर ती गुपचूप लॅन-१ वर जाऊन बसते. तेच लॅन-१ ज्यावर तुमचा प्रॉडक्शन ट्रॅफिक चालतो. तिथे डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सेवा) असेल तर आयपीही मिळतो.

फर्मान पाळून केबल काढली, पुढे कधीतरी त्या रॅकची वीज गेली-आली, की बीएमसी मॅनेजमेंट नेटवर्क सोडून थेट युजरच्या नेटवर्कात. सुरक्षा वाढवायला निघालेल्यांनी मागच्या दाराला कडी घातली आणि पुढचं सताड उघडलं, असला प्रकार. तिथेच आधी मोड 'डेडिकेटेड' असा ठाम करून ठेवायचा, मग केबलचं काय ते ठरवा. यूडीपी ६२३ साठी (आयपीएमआयचा पोर्ट) स्वतःच्या प्रॉडक्शन सबनेटचा एक स्कॅन मारून बघा. बऱ्याच ठिकाणी कोणाला न विचारता हजर असलेल्या बीएमसी सापडतात.

शंकासूर
@जुना गडी, हे मात्र मान्य. फर्मानात ही ओळ हवीच. पण हा केबल काढण्याविरुद्धचा मुद्दा नाही, अर्धवट काढण्याविरुद्धचा आहे.

अनामिका_०७
केबल काढून बीएमसी सुरक्षित होते हाच गैरसमज आहे. होस्टच्या ओएसमधून बीएमसीशी बोलायला आत वेगळा रस्ता असतो, केसीएस इंटरफेस. लिनक्सवर रूट (सर्वाधिकारी युजर) असाल तर आयपीएमआयटूल चालवून पासवर्ड न देता नवा ॲडमिन युजर तयार करता येतो. म्हणजे एखाद्याने सर्व्हरवर रूट मिळवला की तो बीएमसीत उतरू शकतो, नेटवर्क केबल असो वा नसो. २०२१ च्या अखेरीस उघड झालेला आयएलओब्लीड हा रूटकिट आयएलओच्या फर्मवेअरमध्ये दडून डिस्क पुसत होता. ओएस नव्याने टाका, डिस्क बदला, तो तिथेच. वर फर्मवेअर अपडेट झालं असं खोटंच दाखवायचा.

आता विचार करा: केबल नाही म्हणजे फर्मवेअरची आवृत्ती कोणी बघत नाही, लॉग कुठे जात नाहीत, डिफॉल्ट पासवर्ड वर्षानुवर्षं तसाच. घुसखोराला याहून निवांत जागा कुठली?

शंकासूर
केबल नसेल तर तो तिथेच अडकतो. एका बीएमसीवरून दुसऱ्या बीएमसीवर उडी मारता येत नाही. तुमच्या मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये (बीएमसींसाठी वेगळ्या काढलेल्या नेटवर्कात) सगळ्या बीएमसी एकमेकींना दिसतात की नाही? खरं सांगा.

अनामिका_०७
आमच्याकडे नाही दिसत. प्रायव्हेट व्हीलॅन आहे, प्रत्येक पोर्ट फक्त जंप होस्टशी (आत जायच्या मधल्या एका मशीनशी) बोलतो. तुमचा प्रश्न बाकी अनेकांना झोंबणारा आहे हे खरं.

निवांत_नाना
या सगळ्या वादात एक गोष्ट कोणी बोलत नाहीये. बीएमसी ज्या स्विचला लागलीय तो स्विचच गेला तर?

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक गायब झालं. नेटवर्कच्या देखभालीत एक चुकीची कमांड गेली, बॅकबोन तुटला, मग बीजीपी आणि डीएनएसही (इंटरनेटला त्यांचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणा). त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं की मुख्य नेटवर्कबरोबर आउट-ऑफ-बँड (मॅनेजमेंटसाठीचं वेगळं) नेटवर्कही बंद होतं, आणि माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. इतक्या पैशाच्या कंपनीची ही गत.

माझं मत: बीएमसीवर भिस्त ठेवण्यापेक्षा रॅकमध्ये एक सिरियल कन्सोल सर्व्हर (उपकरणांच्या सिरियल पोर्टवर दुरून नेणारा डबा) टाका, त्याला मोबाइल मोडेम, सोबत स्विच होणारी पीडीयू (दुरून आउटलेट चालू-बंद करता येणारी पॉवर पट्टी). राउटर, स्विच, फायरवॉल, सगळ्यांचे कन्सोल हातात. सर्व्हरचा बायोसही सिरियलवर वळवता येतो. बीएमसीच्या केबल खुशाल काढा.

कन्सोलकर
नाना, स्विच आणि राउटरसाठी शंभर टक्के. सर्व्हरसाठी नाही. पीडीयू म्हणजे आउटलेटची वीज तोडणं. आमच्या प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय, दोन वेगवेगळ्या पीडीयूवर. दोन्ही आउटलेट एकदम बंद केल्याशिवाय मशीन पडत नाही, आणि त्यातला एक नंबर चुकला की शेजारचा डेटाबेस आडवा. शिवाय पीडीयू तुम्हाला डीआयएमएम बी-२ मरायला टेकलाय हे सांगत नाही. आरएआयडी कार्ड (डिस्क सांभाळणारं) बूटलाच अडकलंय आणि स्क्रीनवर 'कोणतंही बटण दाबा' लिहिलंय, पण ते सिरियलवर येतच नाही, तेव्हा काय करणार?

निवांत_नाना
आउटलेटचे ग्रुप करता येतात हो चांगल्या पीडीयूत. आणि व्हर्च्युअल कन्सोलचं कौतुक करताय तर हेही सांगा की आयड्रॅकला त्यासाठी एंटरप्राइज लायसन्स लागतं, आयएलओला ॲडव्हान्स्ड. विकत घेतलेल्या मशीनची स्क्रीन बघायला पुन्हा पैसे. आणि जुन्या बीएमसींचा तो जावा कन्सोल! तो चालावा म्हणून जुना जावा आणि जुना ब्राउझर जपून ठेवलेलं एखादं व्हीएम प्रत्येक ऑफिसात असतंच. सुरक्षेच्या नावाने बोंब.

कन्सोलकर
लायसन्सच्या बाबतीत तुमच्याशी भांडणार नाही, तो निव्वळ लुटीचा धंदा आहे. जावाचं दुखणं एचटीएमएल५ कन्सोल आल्यापासून गेलं.

शंकासूर, तुमच्या यादीतला पहिला मुद्दा सोडवता येतो. आयपीएमआय ओव्हर लॅन बंद करायचं आणि बीएमसीशी बोलायला रेडफिश हा नवा प्रोटोकॉल वापरायचा. २०१५ पासून आहे, एचटीटीपीएसवर चालतं, लॉग आणि अलर्ट नीट काढता येतात. मेगारॅकसारख्या गोष्टींना पॅच आणि वेगळं नेटवर्क याशिवाय इलाज नाही, पण तो इलाज आहे. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने आणि सायसाने जून २०२३ मध्ये बीएमसीबद्दल जो सल्ला दिला त्यातही वेगळा व्हीलॅन, डिफॉल्ट पासवर्ड बदलणं, फर्मवेअर अपडेट हेच आहे. वर असंही आहे की वापरात नसलेली बीएमसीसुद्धा उद्या चालू होणार असं धरूनच तिची काळजी घ्या. केबल काढून विसरून जा असं कुठेही नाही.

शंकासूर
वाचलाय तो सल्ला. त्यात पॅच लावा म्हटलंय. कंपनीने सात-आठ वर्षांपूर्वीच्या मॉडेलचं फर्मवेअर देणंच बंद केलं असेल तर काय लावायचं? अशा मशीन तुमच्या रॅकमध्ये किती आहेत ते मोजा आणि मग सुरक्षा टीमसमोर जा. आणि ज्यांना पॅच येतो त्यांच्या बीएमसीवर तो लावायला होस्ट रीबूट लागत नाही, तरी महिनोन्महिने लावला जात नाही, कारण ते काम सर्व्हर टीमचं की नेटवर्क टीमचं हेच ठरलेलं नसतं.

कन्सोलकर
पॅच बंद झालेल्या मशीनच्या केबल काढायला मी तयार आहे, जुना गडी म्हणतात तसा मोड आधी डेडिकेटेड करून, आणि केसीएसचा रस्ता जिथे फर्मवेअर बंद करू देतं तिथे बंद करून. बाकीच्यांच्या नाही. सोमवारी मीटिंग आहे, हेच मांडतो.

शंकासूर
मांडा. स्कॅनचा निकालही घेऊन जा, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत उडवतील.